दोरी ओढली की कोण येतं?

“काय करणार, आमच्याकडची माणसंच तशी आहेत.” एखाद्या संस्थेत नवी पद्धत आणली आणि ती वर्षभरात बारगळली, की हे वाक्य हमखास कानावर येतं. कारखान्यात येतं, बँकेत येतं, महापालिकेत आणि शाळेतही येतं. बोलणारा बहुधा वरच्या पदावरचा असतो आणि ‘माणसं’ म्हणजे त्याच्या हाताखालची माणसं. या म्हणण्यात तथ्य किती, हे तपासायचं तर तीच माणसं, तीच इमारत आणि तीच युनियन ठेवून फक्त कारभार चालवणारे बदलून पाहायला हवेत. असा प्रयोग कोण करणार? पण 1984 साली अमेरिकेत तो घडला. कुणी अभ्यासासाठी तो मांडला नव्हता. दोन मोटार कंपन्यांच्या व्यवहारातून तो घडून आला. संस्थेतल्या बदलाविषयी मी जे काही वाचलं आहे, त्यात या हकिगतीइतकं शिकवणारं दुसरं काही मला सापडलेलं नाही. म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीलगत, कॅलिफोर्नियात, फ्रीमाँट नावाचं शहर आहे. तिथं जनरल मोटर्सचा गाड्या जुळवण्याचा मोठा कारखाना साठच्या दशकापासून चालू होता. 1982 मध्ये कंपनीनं त्याला टाळं लावलं, तेव्हा कंपनीच्या सर्वांत वाईट कारखान्यांमध्ये त्याची गणना होत होती. रोज सरासरी पाचातला एक कामगार गैरहजर. सोमवारी तर खाडे इतके, की सकाळी लाइन सुरू करण्यापुरती माणसं जमवतानाच दमछाक व्हायची. कामाच्या वेळेत दारू, जुगार, अमली पदार्थ असं सगळं चाले. युनियननं दाखल केलेल्या हजारो तक्रारी निकालाविना पडून होत्या. काही कामगारांनी पुढे स्वतःच सांगितलं, की सुपरवायझरवरचा राग ते गाडीवर काढत. दाराच्या पोकळीत रिकामी बाटली टाकून वरून पॅनल बसवून द्यायचं; मग गाडी घेणारा माणूस आयुष्यभर तो खडखडाट शोधत बसे.

अशा कारखान्यातही एक नियम मात्र कडकपणे पाळला जाई: लाइन थांबवायची नाही. गाडीला चुकीचा भाग बसला, नट अर्धवट आवळला गेला, समोर आलेला भाग या मॉडेलचा नाहीच हे डोळ्यांना दिसलं, तरी गाडी पुढे जाऊ द्यायची. लाइन थांबली तर मिनिटाला अमुक इतके डॉलर बुडतात, हा हिशेब वरपासून खालपर्यंत प्रत्येकाच्या डोक्यात बसवलेला होता. सदोष गाड्या कारखान्याच्या आवारात ओळीनं उभ्या राहत आणि तिथं दुसरी माणसं त्या पुन्हा खोलून दुरुस्त करत. या नियमाचा खरा परिणाम गाड्यांवर नव्हे, माणसांवर होत होता. दोष दिसत असूनही तोंड मिटून काम पुढे ढकलायचं, हे आठ तासांच्या पाळीत शेकडो वेळा करायला लावल्यावर त्या माणसाकडून आस्थेची अपेक्षा कशी धरायची? त्याला काय दिसतं आणि काय वाटतं याला इथं किंमत नाही, हे त्याला दर मिनिटाला सांगितलं जात होतं.

1983 मध्ये जनरल मोटर्स आणि टोयोटा यांच्यात करार झाला. जनरल मोटर्सला लहान गाडी फायद्यात कशी बनवायची हे उमगत नव्हतं. टोयोटाला अमेरिकेत पाय रोवायचा होता, कारण जपानी गाड्यांच्या आयातीवर 1981 पासून मर्यादा आल्या होत्या. शिवाय आपली पद्धत अमेरिकी कामगारांच्या आणि अमेरिकी पुरवठादारांच्या हाती चालते का, हे तिला जाणून घ्यायचं होतं. बंद पडलेला फ्रीमाँटचा कारखाना दोघांनी मिळून चालवायचा, कारभार टोयोटानं पाहायचा, असं ठरलं. नव्या कंपनीचं नाव होतं न्यू युनायटेड मोटर मॅन्युफॅक्चरिंग. सगळे तिला ‘नूमी’ म्हणू लागले. टोयोटाच्या संस्थापक घराण्यातले तात्सुरो टोयोडा तिचे पहिले अध्यक्ष झाले.

माणसं कुठली घ्यायची, यावर मोठी खळखळ झाली. जुने कामगार म्हणजे जुनं दुखणं, असंच कुणालाही वाटलं असतं. पण मोटार कामगारांच्या ‘युनायटेड ऑटो वर्कर्स’ या युनियनला बाजूला ठेवून जनरल मोटर्सच्या आवारात काही सुरू करणं शक्य नव्हतं. अमेरिकेचे माजी कामगारमंत्री विल्यम युसरी यांनी मध्यस्थी केली. अखेर नव्या कारखान्यातले बहुसंख्य कामगार, म्हणजे ऐंशी टक्क्यांहून अधिक, जुन्याच कारखान्यातून आले. जुन्या व्यवस्थापनाशी भांडण्यात आयुष्य गेलेले युनियनचे स्थानिक पुढारीही त्यांत होते. या पुढाऱ्यांना आत घेणं हा माझ्या मते टोयोटाचा सर्वांत धाडसी आणि सर्वांत शहाणा निर्णय होता. ज्यांचा शब्द शॉप फ्लोअरवर चालतो त्यांना बाहेर ठेवून आत बदल रुजवता येत नाही.

कारखाना सुरू होण्याआधी काहीशे कामगारांना आणि टीम लीडरना तुकड्या-तुकड्यांनी जपानला, टोयोटा सिटीजवळच्या ताकाओका कारखान्यात पाठवण्यात आलं. तिथं भाषणं थोडी आणि काम फार. प्रत्येकाला एका जपानी कामगाराच्या शेजारी उभं करून प्रत्यक्ष लाइनवर घातलं. तिथं त्यांनी पाहिली ती डोक्यावरून लाइनच्या कडेनं गेलेली दोरी. काम जमेनासं झालं, भाग नीट बसेना, मागे पडायला झालं, की कामगार ती ओढतो. वरच्या फलकावर त्याच्या जागेचा दिवा लागतो, एक छोटी धून वाजते आणि टीम लीडर धावत येतो. लाइन लगेच थांबत नाही. गाडी त्या टप्प्याच्या शेवटच्या खुणेपर्यंत पोचण्याआधी, म्हणजे मिनिटभराच्या आत, अडचण सुटली तर दोरी पुन्हा ओढून दिवा घालवायचा. सुटली नाही तर लाइन थांबते, आणि ती का थांबली याचा शोध तिथल्या तिथं सुरू होतो. दिवसभरात अशा दोऱ्या असंख्य वेळा ओढल्या जातात. याच व्यवस्थेला ‘अँडन’ म्हणतात. चाकण-भोसरीपासून नाशिकच्या सातपूर-अंबडपर्यंतच्या वाहन उद्योगात काम करणाऱ्या मराठी माणसाला हा शब्द, आणि सोबत ‘कायझेन’ आणि ‘पोका-योके’ हेही, आता परके राहिलेले नाहीत.

फ्रीमाँटच्या माणसांना दोरीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं नवल वाटलं. धावत आलेला टीम लीडर पहिल्यांदा विचारी, “काय अडलं? काय मदत करू?” जुन्या कारखान्यात सुपरवायझर धावत आला, की काहीतरी ऐकून घ्यायची तयारी ठेवावी लागे. मदत करायला वरचा माणूस धावत येतो, हे अनेकांनी नोकरीच्या उभ्या काळात प्रथमच पाहिलं. दोन आठवड्यांनी निरोप घेताना रांगडे, वयस्क कामगार आपल्या जपानी सोबत्यांच्या गळ्यात पडून रडले, असं त्या वेळी हजर असलेल्यांनी सांगितलं आहे.

डिसेंबर 1984 मध्ये फ्रीमाँटमधून पहिली शेव्हरोले नोव्हा बाहेर पडली. दोन वर्षांच्या आत गैरहजेरी तीन-चार टक्क्यांवर आली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या अभ्यासकांनी पुढे तीन कारखान्यांची तुलना केली. जनरल मोटर्सच्या फ्रेमिंगहॅमच्या कारखान्यात एक गाडी जुळवायला 31 मनुष्यतास लागत होते, ताकाओकात 16, आणि नूमीत 19. शंभर गाड्यांमागे जुळवणीतले दोष फ्रेमिंगहॅममध्ये 130 च्या वर होते. ताकाओकात आणि नूमीत दोन्हीकडे 45. हा अभ्यास करणाऱ्यांपैकी जॉन क्रॅफसिक स्वतः नूमीत अभियंते होते. ‘लीन’ उत्पादन हा आज जगभर चालणारा शब्द त्यांनीच रूढ केला. यंत्रसामग्री पाहिली तर नूमी काही जगातला सर्वांत आधुनिक कारखाना नव्हता. त्याच काळात जनरल मोटर्स इतरत्र रोबोंवर आणि स्वयंचलनावर अब्जावधी डॉलर ओतत होती आणि त्यातून असं काही हाती लागत नव्हतं.

मग बदललं काय? दोरी हे त्याचं डोळ्यांना दिसणारं टोक. तिच्यामागे बरंच काही उभं होतं. जुन्या कारखान्यात प्रत्यक्ष उत्पादनाच्या कामाचे ऐंशीच्या आसपास वेगवेगळे वर्ग होते. अमक्या वर्गाच्या माणसानं तमक्या वर्गाच्या कामाला हात लावायचा नाही. नूमीत तो एकच वर्ग राहिला. पाच-सात जणांची टीम, टीममधल्या प्रत्येकाला इतरांचंही काम येतं, आणि कुणी अडकलं तर लीडर स्वतः हात घालतो. जुन्या कारखान्यात औद्योगिक अभियंते घड्याळ लावून कामगाराच्या हालचाली मोजत आणि कामाची पद्धत वरून लादत. नूमीत ते घड्याळ टीमच्या हाती आलं. कामाचे टप्पे टीमनंच मोजायचे, त्यांतला सर्वांत सोपा आणि सुरक्षित क्रम ठरवायचा, तो लिहून काढायचा आणि कुणाला सुधारणा सुचली तर बदलायचा. नूमीचा बारकाईनं अभ्यास करणाऱ्या पॉल ॲडलर यांना हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटली, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. शिस्त तितकीच काटेकोर होती, किंबहुना जास्त. पण ती कुणी कुणासाठी लिहिली, हे बदललं होतं. 1991 मध्ये कामगारांकडून दहा हजारांवर सूचना आल्या आणि त्यांतल्या ऐंशी टक्क्यांहून अधिक अमलात आल्या. सूचनापेटी आपल्याकडेही पुष्कळ ठिकाणी टांगलेली असते. तिच्यात चिठ्ठी टाकली तर आठवड्याभरात कुणी येऊन बोलतं का, यावर तिचं आयुष्य ठरतं.

साहेबांसाठी वेगळं कॅन्टीन नव्हतं. गाडी लावायला राखीव जागा नव्हती. या गोष्टी वरवरच्या वाटतील. पण अपमानाची सवय झालेल्या माणसाच्या नजरेतून त्या कधीच सुटत नाहीत.

आणि नोकरीचं काय? ‘काम सुधारा’ असं सांगितल्यावर कामगाराच्या मनात पहिला हिशेब होतो तो हा: चौघांचं काम तिघांत बसवायची युक्ती मी सांगितली, तर चौथा कोण? या प्रश्नाला पोकळ उत्तर देऊन केलेला कुठलाही बदल माणसं आतून हाणून पाडतात, आणि त्यात त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही. 1985 च्या करारात नूमीनं लिहून दिलं, की कंपनीचं अस्तित्वच धोक्यात आल्याखेरीज कामगार कमी करणार नाही. तशी वेळ आलीच तर आधी वरिष्ठांचे पगार कापू आणि बाहेर दिलेली कामं परत आत आणू. लिहून देणं सोपं असतं. 1988 मध्ये नोव्हाची विक्री घसरली आणि कारखाना क्षमतेच्या जेमतेम साठ टक्क्यांवर आला. जनरल मोटर्सच्या कुठल्याही कारखान्यात अशा वेळी हजारो माणसं घरी बसली असती. नूमीनं एकालाही काढलं नाही. लाइनचा वेग कमी केला, मोकळ्या झालेल्या माणसांना प्रशिक्षणाला पाठवलं, पुढच्या मॉडेलच्या तयारीला आणि सुधारणेच्या कामांना लावलं. नूमीतला बदल त्या वर्षी पक्का झाला असं मी मानतो. तोवर कामगार नवी पद्धत पाळत होते. त्यानंतर ती त्यांची झाली.

जॉन शूक हे तेव्हा टोयोटाच्या जपानमधल्या कार्यालयात नोकरीला होते आणि या प्रशिक्षणाच्या आखणीत त्यांचा वाटा होता. पुढे त्यांनी या अनुभवातून जे मांडलं, ते बदलाविषयीच्या रूढ समजुतीला छेद देणारं आहे. आधी लोकांची मनं वळवा, दृष्टी बदला, मग वागणं बदलेल, असं आपण धरून चालतो. म्हणून शिबिरं होतात, घोषवाक्यं भिंतीवर लागतात, व्याख्याते येतात. शूक म्हणतात, क्रम उलटा आहे. माणसाला वेगळं वागणं शक्य होईल अशी कामाची मांडणी करा आणि त्या वागण्याला आवश्यक तो आधार द्या. विचार मागाहून बदलतात. ‘दर्जाची जबाबदारी तुमची’ असं फ्रीमाँटच्या कामगाराला भाषणातून सांगून काही झालं नसतं. लाइन थांबवायचा अधिकार त्याच्या हातात दिला, आणि तो वापरल्यावर कुणी ओरडलं नाही, हे त्यानं पुनःपुन्हा अनुभवलं, तेव्हा जबाबदारी त्याच्या अंगात भिनली.

सगळंच गोड होतं असं मात्र नाही. जुन्या कारखान्यात मिनिटातली पंचेचाळीस सेकंदं हात चालत असतील, तर नूमीत सत्तावन्न चालत. माइक पार्कर आणि जेन स्लॉटर या कामगार चळवळीतल्या लेखकांनी 1988 मध्येच या पद्धतीला ताणावर चालणारं व्यवस्थापन म्हटलं. अडगळ, साठा, जादा माणसं, सवड हे सगळं काढून टाकलं, की व्यवस्थेतली प्रत्येक ओढाताण थेट कामगाराच्या शरीरावर येते, हा त्यांचा मुद्दा होता. 1993 मध्ये नवं मॉडेल आणताना तो खरा ठरला. घाईत लाइन उभी केली गेली, हात-खांदे-पाठीच्या दुखापती वाढल्या, कॅलिफोर्नियाच्या कामगार सुरक्षा विभागानं कंपनीवर ठपका ठेवला. कंपनीला कामाच्या शारीरिक ताणाकडे नव्यानं लक्ष द्यावं लागलं. युनियन आतमध्ये होती आणि तिच्यात व्यवस्थापनाच्या फार जवळ जायला विरोध करणारा गटही होता, हे त्या वेळी उपयोगी पडलं. बदल आणणाऱ्यांना विरोधी गट म्हणजे अडथळा वाटतो. नूमीत त्यानं एक मोठी चूक वेळेवर दाखवून दिली.

आता हकिगतीचा दुसरा अर्धा भाग. जनरल मोटर्सनं नूमीत निम्मी मालकी घेतली होती ती शिकण्यासाठी. तिनं आपले होतकरू अधिकारी तिथं पाठवले. टोयोटानं काही लपवलं नाही. हवं ते पाहा, हवं ते विचारा. एका वरिष्ठानं तर आपल्या अधिकाऱ्याला हुकूम दिला, की कॅमेरा घेऊन जा, कारखान्याच्या इंचाइंचाचे फोटो काढ आणि आपला कारखाना तसाच्या तसा दिसू दे. लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाइजच्या कारखान्यात, जिथं कॅमारो आणि फायरबर्ड गाड्या बनत, 1987 मध्ये टीमपद्धत आली. दोरीही टांगली गेली.

तिथं ती चालली नाही. का चालली नाही, ते शॉप फ्लोअरवर उभं राहून कळत नव्हतं. व्यवस्थापकांचं मूल्यमापन आणि बोनस अजूनही किती गाड्या बाहेर पडल्या यावर ठरत होते. मग दोरी ओढणारा कामगार त्यांना आपल्या मिळकतीवर उठलेला दिसणारच. कामगारानं दोरी ओढून सांगितलं, की पुरवठादाराकडून आलेला भाग वेडावाकडा आहे, तर नूमीत त्या पुरवठादाराकडे माणूस जात असे आणि भाग दुरुस्त होत असे. जनरल मोटर्समध्ये खरेदी खात्याचं काम स्वस्तात माल आणणं एवढंच होतं आणि आराखडा बनवणारे अभियंते जुळवणी कारखान्याचं ऐकून घ्यायला बांधील नव्हते. दोरी ओढूनही तोच वाकडा भाग दुसऱ्या दिवशी पुन्हा समोर येई. कामगारांच्या ज्येष्ठतेच्या हक्कांवर टीमपद्धतीनं गदा येईल अशी भीती होती आणि ती दूर करणारं काही लिहून दिलेलं नव्हतं. फ्रीमाँटच्या लोकांनी दोन वर्षांची बेकारी भोगली होती. व्हॅन नाइजच्या लोकांना आपला कारखाना बंद होईल यावर विश्वासच नव्हता. युनियनमध्ये उभी फूट पडली. ऑगस्ट 1992 मध्ये व्हॅन नाइज बंद झाला.

तिथले व्यवस्थापक अर्नी शेफर यांनी पुढे एक फार महत्त्वाची गोष्ट सांगितली. टोयोटानं आपल्याला सगळं खुलं का दाखवलं, याचं त्यांना कोडं होतं. नंतर त्यांच्या लक्षात आलं, की जनरल मोटर्सची माणसं विचारत होती ते सगळे प्रश्न लाइनवर काय चालतं याविषयीचे होते. लाइनला आधार देणारी बाकीची खाती कशी चालतात, हे त्यांनी विचारलंच नाही.

मला या साऱ्या प्रकरणाचं मर्म इथं दिसतं. आपण बदल ‘खाली’ करायला निघतो. कारकुनानं फाइल वेळेत सोडावी, शिक्षकानं नवी पद्धत वापरावी, परिचारिकेनं चूक लगेच कळवावी. त्यांच्या हाती एक दोरी देतो, म्हणजे एखादं ॲप, एखादा नमुना अर्ज, एखादा हेल्पलाइन क्रमांक. ती ओढल्यावर कुणी, किती वेळात यायचं, आणि तो आला नाही तर त्याचा जाब कोण विचारणार, हे ठरवायचं राहून जातं. परिचारिकेनं औषधाची चूक स्वतःहून कळवली आणि त्याच संध्याकाळी तिला खुलासा मागणारं पत्र मिळालं, तर त्या वॉर्डमधून पुढची चूक कुणी कळवणार नाही. तिला दोष देण्याआधी पत्रावर सही करणाऱ्याचं काम बदललं होतं का, ते पाहायला हवं.

जनरल मोटर्सला काहीच शिकता आलं नाही असंही नाही. नूमीत तयार झालेली माणसं कंपनीत हळूहळू वर गेली. पूर्व जर्मनीतल्या आयझेनाखला 1992 मध्ये सुरू झालेला, तिच्याच मालकीच्या ओपेलचा कारखाना नूमीच्या धर्तीवर उभा राहिला आणि उत्तम चालला. पुढे अमेरिकेतल्या कारखान्यांचाही दर्जा सुधारत गेला. पण जे ज्ञान निम्म्या मालकीच्या कारखान्यात 1984 पासून उघडं पडलेलं होतं, ते कंपनीभर पसरायला दोन दशकं लागली, आणि तोवर गिऱ्हाईक निघून गेलं होतं. 1 जून 2009 रोजी जनरल मोटर्सनं दिवाळखोरीचा अर्ज केला. पाठोपाठ ती नूमीतून बाहेर पडली. एकटीनं हा कारखाना चालवणं परवडत नाही, असं टोयोटानं ठरवलं. 1 एप्रिल 2010 रोजी शेवटची कोरोला बाहेर पडली आणि सुमारे 4,700 जणांची नोकरी गेली. महिन्या-दीड महिन्यात टेस्ला कंपनीनं हा कारखाना घेण्याचं जाहीर केलं. किंमत 4 कोटी 20 लाख डॉलर. टोयोटाचा निर्णय 1985 च्या करारातल्या अपवादात बसवताही येईल. पण ज्या वचनाच्या भरवशावर या माणसांनी आपली कामाची अख्खी रीत बदलली, ते वचन निभावण्याची ऐपत 2010 मध्येही टोयोटाकडे होती, आणि तिनं ते निभावायला हवं होतं.